मागच्या चाकातला इतिहास

इतिहास म्हटला, की आपल्यापुढे किल्ले उभे राहतात, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. त्यात वावगे काही नाही. महाविद्यालयात मीही त्याच सनावळ्या शिकवतो. पण इतिहास काही फक्त दप्तरखान्यातच सापडतो असे नाही. आज जो इतिहास तुम्हांला सांगायचा आहे, तो तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या पिकअप गाडीच्या मागच्या चाकात बसलेला आहे. तो वाचता आला नाही, तर घाटात गाडी जाते आणि गाडीबरोबर माणसे जातात. म्हणून तो सांगायचा.

बाजाराच्या दिवशी पहाटे कोबी-टोमॅटोचे क्रेट भरून निघणारी ती गाडी डोळ्यांपुढे आणा. तिच्या पुढच्या चाकांत बहुधा डिस्क ब्रेक असतो. चाकाच्या फटीतून चकाकणारी चकती दिसते. मागच्या चाकात मात्र तसे काही दिसत नाही. तिथे बिडाचे एक जाड पातेले उपडे घातलेले असते. तोच ड्रम. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या पोटात, न फिरणाऱ्या एका पत्र्यावर, चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू समोरासमोर बसवलेले असतात, आणि शूच्या पाठीवर लायनर चिकटवलेला किंवा रिव्हेट मारून बसवलेला असतो. पेडल दाबले, की दोन्ही शू बाहेरच्या अंगाला फाकतात, लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासतो आणि चाक थांबते. पाय काढला, की स्प्रिंगा शूंना पुन्हा आत ओढून घेतात. झाले एवढेच यंत्र. आठवीतल्या मुलाला अर्ध्या तासात समजावे इतके सोपे. पण ते इथपर्यंत यायला माणसाला बरेच ठेचकाळावे लागले, आणि गॅरेजमधला मिस्त्री जे चार नियम पाळतो, किंवा पाळायला हवे असतात, त्यांतला एकेक नियम म्हणजे अशा एकेका ठेचेची खूण आहे.

चाकाला थांबवायचे कसे, हा प्रश्न चाकाइतकाच जुना. सपाटीवर बैल थांबले, की गाडी थांबते. घाटात तसे चालत नाही. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. पण रस्ता झाला म्हणून उतार काही कमी होत नाही. चढणीला जादा बैल जोडता येतात, उतरणीला त्यांचा उपयोग काय? तिथे सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते, आणि मग चाकालाच धरून ठेवावे लागते. जगभर गाडीवानांनी ह्याला दोन तोडगे काढले. एक म्हणजे चाकाच्या धावेवर लाकडाचा ठोकळा दाबून धरायचा. दुसरा म्हणजे चाकाखाली लोखंडाची घसरपट्टी अडकवायची, म्हणजे चाक फिरण्याऐवजी फरफटत जाईल. ह्या घसरपट्टीला इंग्रज गाडीवान ‘शू’ म्हणत, म्हणजे चाकाची वहाण. आज मिस्त्री ज्याला ब्रेक शू म्हणतो, तो शब्द असा बैल-घोड्यांच्या जमान्यातला आहे.

वहाणेवरून एक गोष्ट आठवली. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक खटपट्या माणूस राहत होता. तिथल्या डोंगराळ रस्त्यांवर उतरणीला गाडीवान चाकावर चक्क जुना बूट दाबून धरतात, हे त्याने पाहिले, असे सांगतात. नुसत्या लाकडापेक्षा चामडे बरे पकडते, हे त्या गाडीवानांना अनुभवाने ठाऊक होते. फ्रूडने त्यावरच डोके चालवले आणि १८९७ साली ब्रेकला लावायचे अस्तर बनवण्याचा धंदा सुरू केला. पुढे त्याच्या मालाचे नाव ‘फेरोडो’ पडले. फ्रूड हे आडनाव, त्यात बायकोच्या एलिझाबेथ ह्या नावाचे पहिले अक्षर, आणि मग सगळ्या अक्षरांची अदलाबदल, असे ते नाव बनले. आपल्याकडेही मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो नावाचा कारखाना होता; जुन्या मिस्त्र्यांना ते नाव अजून आठवेल.

मोटारी आल्या तेव्हा पहिल्यापहिल्यांदा गाडीवानाचाच ठोकळा त्यांना लावला गेला. पण रबरी टायरावर ठोकळा घासला, की टायरच संपे. मग चाकाला वेगळा ड्रम जोडावा आणि त्याला बाहेरून पट्टा आवळावा, ही युक्ती निघाली. विहिरीच्या रहाटाला दोर आवळून धरावा तशी. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीला विल्हेल्म मायबाखने मागच्या चाकांवर ड्रम बसवले होते. पण बाहेरच्या पट्ट्यात चिखल शिरे, पावसात तो घसरे, आणि चढावर गाडी मागे सरकू लागली, की फिरण्याची दिशा उलटल्याने पकड सैल पडे. १९०२ साली फ्रान्समधल्या लुई रेनोने शू ड्रमच्या पोटात घातले. बाहेरून आवळण्याऐवजी आतून फाकायचे. आजच्या तुमच्या पिकअपमध्ये आहे ती मांडणी मुळात हीच. एकशेवीस वर्षांत गाडीचे सगळे काही बदलले. मागच्या चाकातला हा संसार मात्र जवळजवळ तसाच राहिला.

शू आत घेतल्याने चिखल बाहेर राहिला, हे खरे. पण घासण्याने होणारी धूळ आत राहिली, आणि उष्णताही आत राहिली. ह्या दोन गोष्टी लक्षात ठेवा; पुढे दोघींनीही माणसांचे बळी घेतले आहेत.

ह्या मांडणीत एक मौज अशी आहे, की दोन शूंपैकी एक शू फुकटचे जोर मिळवतो. ड्रम पुढे फिरत असताना पुढच्या अंगाचा शू त्याला टेकला, की फिरणारा ड्रमच त्या शूला ओढून आपल्या अंगावर आणखी घट्ट दाबून घेतो. दार लावताना वाऱ्याचा झोत दाराच्याच दिशेने आला, तर ते आपोआप धाडकन लागते, तसे. मागच्या शूला ड्रम उलट ढकलत राहतो. म्हणून साध्या मांडणीत पुढचा शू आधी झिजतो. नंतरच्या काळात, १९२०च्या दशकात, हेन्री पेरो ह्या फ्रेंच अभियंत्याची मांडणी अमेरिकेत व्हिन्सेंट बेंडिक्सने पुढे आणली. तिच्यात एका शूचा जोर दुसऱ्या शूला दिला जातो, आणि मागचा शूच जास्त काम करतो. म्हणून अशा ब्रेकात दोन्ही लायनर सारख्या लांबीचे नसतात. आखूड लायनरचा शू पुढे, लांबाचा मागे. हे उलटसुलट बसले, तर गाडी थांबते खरी, पण जशी थांबायला हवी तशी नाही. घाईत काम करणाऱ्याच्या हातून हे सहज होते.

आता पिकअप ह्या जातीकडे येऊ. कारखान्यातूनच मागे हौदा लावून विकायला काढलेली फोर्ड कंपनीची पहिली पिकअप एप्रिल १९२५ मध्ये आली. किंमत २८१ डॉलर. गाडी म्हणजे प्रसिद्ध ‘मॉडेल टी’च, फक्त मागे माल टाकायला छोटा हौदा. गिऱ्हाईक अर्थातच शेतकरी. आणि तिचे ब्रेक कसे? पायाचा ब्रेक चाकांना नव्हताच. तो गिअरच्या पेटीतल्या एका पट्ट्याला आवळी. चाकांना जो ब्रेक होता तो हाताच्या दांड्याचा, आणि तोही फक्त मागच्या दोन चाकांना, ड्रमचा. पुढच्या चाकांना काहीच नाही. म्हणजे मागचा ड्रम ब्रेक पिकअपला जन्मापासूनचा सोबती आहे म्हणा ना.

पुढच्या चाकांना ब्रेक लावावा की नाही, ह्यावर त्या काळात मोठा वाद होता. पुढची चाके अडवली, तर गाडी घसरेल, सुकाणू हाती राहणार नाही, ह्याची लोकांना भीती वाटे. वस्तुस्थिती उलट आहे. ब्रेक दाबला, की गाडीचे वजन पुढे झुकते, एस.टी.त उभ्याने प्रवास करणाऱ्याला हे सांगायला नको. वजन पुढे गेले, की पुढची चाके रस्त्याला घट्ट धरतात आणि मागची हलकी होतात. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढच्या चाकांनीच करायचे असते. हे पटल्यावर चारही चाकांना ब्रेक आले, आणि पुढे डिस्क ब्रेक आल्यावर तो आधी पुढच्या चाकांना मिळाला. मागे ड्रम राहिला, कारण तिथे काम कमी, किंमत कमी, आणि हँडब्रेक त्यात सहज जोडता येतो.

पण पिकअपचे गणित नेहमीच्या मोटारीसारखे नाही, बरं का. ती रिकामी असते तेव्हा मागचे चाक हलके असते. जोरात ब्रेक मारला, की ते चटकन अडकते आणि गाडीचा पार्श्वभाग बाजूला फिरतो. तीच गाडी टनभर माल घेऊन निघाली, की मागच्या चाकांवर खराखुरा भार येतो आणि मागचा ब्रेक पुरता कामाला लागतो. म्हणून पुष्कळ पिकअपना मागच्या आसाजवळ एक झडप असते; माल किती आहे हे पाट्यांच्या दबण्यावरून ओळखून ती मागे किती दाब सोडायचा ते ठरवते. गॅरेजमध्ये कधी कधी ही झडप ‘कटकट’ म्हणून बांधून टाकलेली दिसते. हे फार वाईट काम आहे. ती कटकट कोणीतरी विचार करून बसवली आहे.

सुरुवातीला पेडलापासून चाकापर्यंत जोर पोचवायला लोखंडी सळया आणि तारा असत. चार चाकांच्या चार तारा सारख्या ताणायच्या म्हणजे चार भावांना सारखी वाटणी देण्यासारखे. एक सैल, एक घट्ट, गाडी एका अंगाला ओढणार. ह्यातून सुटका केली ती माल्कम लॉकहीड नावाच्या अमेरिकन माणसाने. विमानांच्या लॉकहीड कंपनीचे नाव ज्या भावांमुळे पडले, त्यांतलाच हा एक. त्याने तारांऐवजी नळीत द्रव भरला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवले होते. शिक्षक मंडळी, हा धडा फळ्यावर शिकवून मुलांना जेवढा कळतो, त्याच्या दसपट गॅरेजमध्ये कळतो. पायाखालचा मास्टर सिलिंडर, चाकातला व्हील सिलिंडर आणि मधली बारीक नळी दाखवा. पास्कल तिथे बसलेला आहे.

१९२१ साली ड्यूसनबर्ग ह्या महाग गाडीला असे द्रवाचे ब्रेक चारही चाकांना आले, १९२४ साली क्रायस्लरच्या गाडीला आले. लॉकहीडच्या सिलिंडरांतून पहिल्यांदा द्रव गळत असे. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी तिथे रबराच्या वाट्या घातल्या आणि गळती आवरली. आपले मिस्त्री त्यांना ‘बकेट’ म्हणतात. फोर्डने मात्र सळया सोडायला १९३९ साल उजाडवले. मोठ्या माणसांचा हट्टही मोठा असतो.

त्या नळ्यांत भरायचे काय? पूर्वी एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण भरत. रबर खराब होत नाही म्हणून एरंडेल. आपल्याकडे आजही सगळे ‘ब्रेक ऑईल’ म्हणतात, पण आता त्यात तेल नसते, आणि साधे इंजिन ऑईल त्यात गेले तर रबराच्या वाट्या फुगून सगळे ब्रेक निकामी होतात. आजच्या द्रवाचा दुसरा स्वभाव असा, की तो हवेतली ओल पितो. डब्यावर ‘डॉट ३’ लिहिलेला ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओल प्यायल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात तो नळीत उकळला, की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, ब्रेक लागत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी द्रव बदलायचा, आणि अर्धवट उघडा राहिलेला जुना डबा स्वस्तात मिळाला तरी घ्यायचा नाही.

एकेरी नळीचा आणखी एक धोका होता. कुठेही गळती झाली, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जात. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ च्या सुमारास विलिज जीपची जोडणी सुरू केली. त्या जीपला चारही चाकांत ९ इंची ड्रम आणि त्यांना मिळून एकच मास्टर सिलिंडर. पुढे दोन वेगळ्या नळ्यांचा मास्टर सिलिंडर आला. अमेरिकेत १९६८ सालापासून तो मोटारींना सक्तीचा झाला. आता पुढची नळी फुटली, तरी मागचे ड्रम शाबूत राहतात. अशा वेळी ज्या मागच्या ब्रेकाला आपण वर्षानुवर्षे उघडूनही पाहिले नाही, त्याच्यावरच सगळ्यांचा जीव टांगलेला असतो.

आता उष्णतेचे बोलू. तीन टनांची भरलेली पिकअप अर्धा किलोमीटर उंचीचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरली, तर ब्रेकांत किती उष्णता तयार होते? हिशेब शाळेतलाच आहे. तेवढ्या उष्णतेने सुमारे ४५ लिटर पाणी, म्हणजे तीन हंडे, उकळीला येईल. ही सगळी उष्णता काही किलो लोखंडाने सोसायची! २५ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला, की त्याचा व्यास पाऊण मिलिमीटरहून अधिक वाढतो. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवून मोठी करतो ना, तेच इथे होते. फक्त इथे ते आपल्याला नको असते. ड्रम शूपासून दूर पळतो, तापलेल्या लायनरची पकडही ढिली पडते. पाय खाली खाली जाऊ लागतो. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. त्यांनी हा हिशेब कधी कागदावर केला नसेल, पण उत्तर बरोबर काढले आहे.

ही उष्णता सोसणारे अस्तर शोधताना माणसाला ॲस्बेस्टॉस सापडला. दगडातून निघणारा, पण सुतासारखा विणता येणारा. जळत नाही, झिजतो सावकाश. रेनोने विणलेला ॲस्बेस्टॉस वापरला. फ्रूडने आधी सूत आणि केस वापरून पाहिले, मग तोही पहिल्या महायुद्धाच्या आधीच ॲस्बेस्टॉसकडे वळला. पुढे जवळजवळ सत्तर वर्षे जगातल्या बहुतेक ब्रेकांत ॲस्बेस्टॉस होता. ब्रेकाच्या बाजूने पाहिले तर त्याच्यासारखी चीज नाही. माणसाच्या बाजूने पाहिले तर वेगळी कथा आहे.

इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी नेली केर्शॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करी. १४ मार्च १९२४ रोजी ती वारली. वय ३३. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे तपासली, तेव्हा त्यांत ॲस्बेस्टॉसचे कण सापडले. ह्या रोगाचे वैद्यकशास्त्राने नोंदवलेले ते आरंभीचे प्रकरण. १९३० साली मेरवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारला अहवाल दिला आणि १९३१ साली तिथे गिरण्यांसाठी नियम झाले. म्हणजे कारखान्यातल्या धुळीने माणूस मरतो हे तेव्हाच कळले होते. पण गॅरेजात ड्रम उघडून त्यात फुंकर मारणाऱ्या माणसाकडे कोण बघणार? तो एकटा, त्याचे गॅरेज रस्त्याकडेचे, आणि रोग दिसायला वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षे लागतात. तोवर कोणत्या धुळीने काय केले, हे विचारायला कोणी उरत नाही.

ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसचा उरलासुरला वापर बंद केला, युरोपीय संघात २००५ पासून बंदी लागू झाली. अमेरिकेत १९८९ साली काढलेला बंदीहुकूम १९९१ साली न्यायालयात बराचसा रद्द झाला. ब्रेकातही वापरला जाणारा जो मुख्य प्रकार, त्याच्यावर अखेर २०२४ साली बंदीचा नियम निघाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये आदेश दिला, की ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तिथपर्यंत ठेवावी. आदेश थोर आहे. पण तो कारखान्यातल्या कामगाराचा. ज्याचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, त्या गॅरेजमधल्या पोऱ्याची नोंद कोण ठेवणार? आपल्या देशात ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. चांगल्या कंपन्यांच्या लायनरच्या खोक्यावर ‘ॲस्बेस्टॉस नाही’ असे छापलेले असते. ज्याच्यावर काहीच छापलेले नाही, त्यात काय आहे हे विकणारालाही ठाऊक नसते. आणि जुन्या गाडीत पूर्वीच्या मालकाने काय बसवले होते, हे तर कोणालाच नाही.

म्हणून ड्रम उघडला, की फुंकर मारायची नाही. हवेच्या पाइपाने उडवायची तर मुळीच नाही. आत पाणी किंवा ब्रेक धुण्याचा द्रव सावकाश सोडून धूळ ओली करायची, ओल्या फडक्याने पुसायची, आणि ते फडके पिशवीत बांधून टाकायचे, झटकायचे नाही. नाकाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. तुमचा मुलगा किंवा विद्यार्थी गॅरेजात काम शिकत असेल, तर बाकी काही सांगितले नाही तरी हे एवढे सांगा.

आता प्रत्यक्ष कामाचे. मागच्या ब्रेकाने काय काय बोलून दाखवायचे ते आधी बघा. पेडल नेहमीपेक्षा खाली जाते, हँडब्रेकचा दांडा पार वर ओढावा लागतो, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो, चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसते. ह्यांतले काहीही दिसले, की ड्रम उघडा. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना मागूनपुढून दगड नव्हे, व्यवस्थित लाकडी पाचर लावा. जॅकवर गाडी उचलल्यावर घोडी लावल्याशिवाय खाली हात घालू नका. हँडब्रेक सैल करा. ड्रम निघत नसेल, तर बहुधा झिजून त्याच्या काठावर कड तयार झालेली असते आणि शू तिच्यात अडकतात. ॲडजस्टर उलटा फिरवून शू आत घ्या. पुष्कळ ड्रमना दोन आट्यांची भोके असतात, त्यांत बोल्ट फिरवले की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. घणाने ठोकून बीड फोडू नका.

एका वेळी एकच चाक सोडा. स्प्रिंगा कुठली कुठे, हँडब्रेकचा दांडा कसा, हे पाहायला दुसरे चाक जसेच्या तसे असू द्या. पण बदलताना मात्र दोन्ही चाकांचे शू एकदमच बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना लायनर म्हणजे पुन्हा त्या तारांच्या काळातली असमान वाटणी. लायनर रिव्हेटचा असेल, तर रिव्हेटची डोकी ड्रमला लागायच्या आत तो बदलायचा. व्हील सिलिंडरच्या टोकाचे रबर किंचित उचलून बघा. आत ओल असेल, तर गळती सुरू आहे. आसाच्या सीलमधून तेल झिरपून लायनर भिजला असेल, तर तो पेट्रोलने धुऊन, जाळून पुन्हा बसवण्याची पद्धत सर्रास आहे. पैसे वाचतात, मान्य. पण लायनरच्या पोटात मुरलेले तेल ड्रम तापला की वर येते, आणि ड्रम तापतो कुठे? घाटात. सील बदला, लायनर बदला.

ड्रमला चऱ्या पडल्या असतील, तर लेथवर तो आतून घासून घेता येतो. मात्र जास्तीत जास्त किती व्यास चालेल, हे ड्रमवरच ओतलेले किंवा कोरलेले असते. त्यापलीकडे गेलेला ड्रम पातळ झालेला असतो, लवकर तापतो, तडकतो. तो आकडा गंजाखाली असतो. तारेच्या ब्रशाने घासून वाचा. तो वाचण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. स्प्रिंगाही तापून तापून नरम पडतात; शू बदलताना त्याही नव्या घ्या, त्यांना फार पैसे पडत नाहीत. शू जिथे मागच्या पत्र्यावर टेकतो, त्या उंचवट्यांवर उष्णता सोसणारे ग्रीस नखभर लावा. बोटभर नको, उरलेले लायनरवर जाते.

सगळे जोडल्यावर ॲडजस्टर एवढा फिरवा, की चाक हाताने फिरवताना शू अगदी हलका लागल्याचा आवाज यावा, पण चाक अडू नये. सिलिंडर किंवा नळी सोडली असेल, तर हवा काढावी लागेल. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सोडायचे, आणि निपल आवळल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. बाटलीत बुडवलेल्या नळीतून बुडबुडे यायचे थांबले, की ते चाक झाले. मास्टर सिलिंडरची टाकी मधेच रिकामी झाली, तर सगळे पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी गाडी रिकामीच काढा आणि गर्दीच्या रस्त्याला नेऊ नका. नवा लायनर ड्रमशी जुळायला थोडा वेळ घेतो. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगाने पंधरा-वीस वेळा हळूहळू ब्रेक लावा, मधे ड्रमला गार व्हायला वाव द्या. वाटेत ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढावी लागली, तर पलीकडे गेल्यावर ब्रेक हलका दाबून थोडे अंतर चला, म्हणजे आतले पाणी उडून जाईल; पावसाळ्यात जुन्या गाड्यांनाही हे करावेच लागते. घरी आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन पाहा, ड्रमला टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलेले असेल, तर तिथला शू घट्ट आहे किंवा हँडब्रेकची तार गंजून अडकली आहे. ड्रम गार होऊ द्या आणि ते चाक पुन्हा उघडा.